शनिवारची सही

१

हेमराज बारंगे वारला रविवारी, आणि त्यानं नोकरीचा राजीनामा दिला होता आदल्या दिवशी, शनिवारी, असं शाळेचं म्हणणं होतं. त्याच्या बायकोला हे कळलं ते तेरवी आटोपल्यावर. सौंसर ठाण्याचा हवालदार दारात येऊन उभा राहिला आणि एका कागदाची झेरॉक्स पूनमच्या हातात देऊन म्हणाला, "शाळेनं जबाबासोबत लावलाय, मॅडम. तुमच्या माहितीसाठी."

ईमेलची छापील प्रत होती. हिंदीत चार ओळी. वैयक्तिक कारणामुळे आजपासून नोकरी सोडत आहे, प्रयोगशाळेची चाबी स्मिता मॅडमकडे दिली आहे, सहकार्याबद्दल आभार, हेमराज बारंगे, विज्ञान शिक्षक. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचा शाळेचा पत्ता. वर तारीख शनिवारची, वेळ दुपारी चार वाजून बारा मिनिटं.

सासऱ्यांनी, भगवंतरावांनी, चष्मा लावून दोनदा वाचलं. "म्हंजे शनवारीच नोकरी सोडली होती त्यानं? मंग इतवारी कायले गेलता थो तिथं?"

त्या रविवारी सकाळी हेमराज शर्टाची बटणं लावत म्हणाला होता, "शाळेत काम निघालं. अर्ध्या तासात येतो." शाळा घरापासून चार गल्ल्या पलीकडे. अकरा वाजता शाळेचा बाबू गुलाब गच्चीवर गेला तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ, मोटरच्या बोर्डाखाली हेमराज पडलेला होता. विजेचा धक्का. आता शाळा म्हणत होती की त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. नोकरी सोडलेला माणूस विनापरवानगी आत शिरला, कशासाठी ते त्यालाच माहीत.

कागद खरा असेल, तर नवऱ्याचं तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

पूनमला रडू आलं नाही. या पंधरा दिवसांत एकदाही आलं नव्हतं. पहिले काही दिवस बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. दहाव्यानंतर त्या वेगळं काही बोलू लागल्या, तेही तिला ऐकू आलं. अंगाखाली दबून बधिर झालेला हात आपलाच आहे हे माहीत असतं, पण आपला वाटत नाही. तिला सगळंच तसं वाटत होतं. घर, मामाजी, भिंतीवरचा फोटो.

पण कागद तिनं पुन्हा पाहिला, आणि या वेळी कामाचा म्हणून पाहिला. पांढुर्ण्याला स्टेशनजवळच्या अमितच्या कॉम्प्युटर दुकानात ती सात वर्षं नोकरीला होती. शाळांच्या, संत्रा व्यापाऱ्यांच्या वेबसाइटी करणं, त्यांचे ईमेल चालू ठेवणं हे तिचं रोजचं काम. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मामाजी, हे त्यानं लिहिलं का नाई, ते पाहता येते," ती म्हणाली.

भगवंतरावांनी चष्मा काढला. "अन् त्यानंच लिवलं असन तं?"

२

मुख्याध्यापक अरविंद सर तिला पाहून उठून उभे राहिले. सांत्वनाचे चार शब्द बोलले. पूनमनं ते संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "सर, तो मेल मले कॉम्प्युटरवर पाहू द्या."

ते आढेवेढे घेतील असं तिला वाटलं होतं. उलट त्यांनी लगेच गुलाबला हाक मारली. "पहा ना, अवश्य पहा. तुमच्या अमितनंही तपासला. मला त्यातलं काही कळत नाही हो. मी आपला एका बोटानं टाइप करणारा माणूस."

गुलाबनं सरांची मेलची पेटी उघडून दिली आणि बाजूला उभा राहिला. पन्नाशीचा, हडकुळा, सतत काहीतरी बोलत राहणारा माणूस. "मीच पाह्यलं जी सरले पहिले. त्या दिवशी कॅमेरे बी बंद होते, नाईतं दिसलं असतं सारं. सकायपासूनच बंद. आता चालू हाय. बुधवारी अमितभाऊ आलते ना, दिवसभर होते. नवीन मेल लावला, जुने सारे मेल नव्यात आणले, मंग गच्चीवर जाऊन वायर बदलली. लई काम केलं बिचाऱ्यानं."

"कोणत्या बुधवारी?"

"सर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी."

पूनमनं मान हलवली आणि मेलच्या मागच्या ओळी उघडल्या. मेल वाचणाऱ्याला दिसतो त्याच्या मागे अशा पन्नाससाठ ओळी असतात: कुठून निघाला, कोणत्या यंत्रातून गेला, किती वाजता. या ओळींत शेवटी एक लांबलचक, अर्थहीन दिसणारी अक्षरांची रांग होती. ती सही.

ही सही माणूस करत नाही, मेल पाठवणारं यंत्र करतं. पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे जे नाव येतं ते डोमेन. शाळेचं असं एक डोमेन होतं, आणि प्रत्येक डोमेनच्या काही नोंदी इंटरनेटवर उघड्या असतात. जगातलं कुणीही त्या वाचू शकतं. आमच्या नावानं टपाल पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, ते त्या नोंदींत असतं. आणि आमच्या सहीचा नमुना हा, तोही तिथेच असतो. आलेल्या मेलवरची सही त्या नमुन्याशी ताडून पाहायची. जुळली, तर मेल खरंच त्या घरातून निघाला आणि वाटेत त्यातलं अक्षर बदललेलं नाही, मजकूरही नाही आणि वरची तारीखही नाही. जुळली नाही, तर कुणीतरी नाव चोरलं.

तिनं मेलची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, बॅगेतला स्वतःचा लॅपटॉप काढला, आणि ताडून पाहिलं.

यंत्रानं एका क्षणात उत्तर दिलं. तिनं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं.

सही खरी होती.

३

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे ढीग लागलेले, ट्रक भरून राहिलेले. तिला बाजूच्या बाईनं दोन फोडी दिल्या. तिनं खाल्ल्या. चव लागली नाही.

अमितनं तिला पाहताच खुर्ची ओढली आणि चहा सांगितला. चाळिशीचा माणूस, मनानं चांगला म्हणून दोन्ही गावांत ओळखलेला. हेमराजच्या अंत्यविधीला खांदा देणाऱ्यांत तो होता. "पूनमताई, कायले आल्या तुम्ही इतक्या लवकर? महिनाभर येऊ नका म्हटलं होतं ना मी."

"तो मेल पाहिला मी."

"मीनंबी पाह्यला." त्यानं खाली पाहिलं. "सही जुळते. मले वाटलं होतं, खोटाच असन. हेमराजभाऊ असं कसं करतील. पण जुळते ना, काय करता?"

पूनमनं आपल्या जागेवरचा कॉम्प्युटर चालू केला. शाळेच्या डोमेनच्या खात्यात जायला पासवर्ड टाकला. चालला नाही.

"बदलले मीनं साऱ्याचे," अमित म्हणाला. "तुम्ही सुट्टीवर, दुकानात नवीन पोट्टे. म्हटलं सांभाळून राहिलेलं बरं."

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, शाळेच्या सहीची नोंद टाकायची राहिली होती. जुन्या मेलवर सही नव्हतीच. नवीन मेल घेतला तेव्हा ते काम माझ्याकडे होतं. मी केलं नव्हतं."

"केलं होतं ना!" अमित हळू आवाजात म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी. बस पकडाच्या आधी तुम्हीच टाकली नोंद, सहीबी तेव्हाच चालू केली. बुधवारी मीनं नुसतं बाकीचं केलं. मले सांगून गेल्या." त्यानं तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. "तुम्हाले आठवत नसन. साहजिक हाय, ताई. कोणाले आठवन?"

पूनमनं शुक्रवार आठवून पाहिला. दुकान, बस, घर. हेमराज काहीतरी सांगत होता प्रदर्शनाबद्दल, आणि ती भात काढत होती. त्याच्या पुढचंमागचं सगळं धुकं होतं. रविवारच्या आधीचं काहीच तिला नीट धरता येत नव्हतं. असेल टाकली. सात वर्षं ती तेच करत होती. बोटांनी आपल्या आपण केलं असेल.

मग सही खरी. तारीख खरी. आणि हेमराज तिच्याशी खोटं बोलून गेला.

चहा थंड झाला. अमितनं दुसरा मागवला.

४

संध्याकाळी उजेड असतानाच स्मिता मॅडम डबा घेऊन आल्या. गणित शिकवायच्या, हेमराजच्या बरोबरीनं आठ वर्षं. हेमराज गेल्यापासून त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. पूनमनं डबा उघडला की झाकला, हेही त्या विचारत नसत.

आज पूनमनंच विचारलं. "ताई, प्रयोगशाळेची चाबी शनिवारी तुम्हाला दिली का यांनी?"

"शनिवारी?" स्मिता मॅडम गोंधळल्या. "नाई गं. चाबी मले अरविंद सरांनी दिली. मंगळवारी. पोलिसांनी सामान वापस केलं ना, त्यात होती ती. हेमराजच्या खिशात." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "मीनं ती वेगळ्या कड्यात घातली."

पूनमनं झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि हात तोंडावर नेला. शाळेनं त्यांना हा कागद दाखवलाच नव्हता.

शनिवारचा मेल मंगळवारी घडलेली गोष्ट सांगत होता. म्हणजे तो नंतर लिहिलेला. पण हा झाला स्मिता मॅडमचा शब्द. सर म्हणतील, चाबी दिली असं लिहिलं आणि द्यायचं विसरला. अमित म्हणेल, सही जुळते ना. आणि सही जुळतच होती.

पूनमनं झेरॉक्स घडी करून बाजूला ठेवली. मग तिनं लॅपटॉप उघडला.

"ताई, शाळेच्या नोटिसा तुमच्या स्वतःच्या मेलवर येतात ना?"

"येतात. गुलाब पाठवतो साऱ्यांले."

"त्या आठवड्यातल्या काढून द्याल?"

स्मिता मॅडमनी आपलं खातं उघडलं. हेमराजच्या मृत्यूच्या आगेमागे शाळेकडून चार मेल होते. शनिवारी दुपारी बाराला: सोमवारच्या विज्ञान प्रदर्शनाची यादी. शनिवारी संध्याकाळी सहाला: यादीत दुरुस्ती. रविवारी सकाळी पावणेनऊला: सर्वांनी सोमवारी आठ वाजता हजर राहावे. आणि त्यानंतर थेट गुरुवारी: शोकसभेची सूचना.

हे मेल अमितच्या हाताखालून गेलेले नव्हते. आले त्या क्षणापासून ते स्मिता मॅडमच्या पेटीत, बाहेरच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रात पडून होते. त्या यंत्रानं प्रत्येक मेल येताक्षणी तपासून आपला शेरा मारून ठेवला होता, आणि तो शेरा इथे बसून कुणाला बदलता येत नव्हता.

पूनमनं एकेक उघडला. शनिवार बारा: सही नाही. शनिवार सहा: सही नाही. रविवार पावणेनऊ: सही नाही. गुरुवार: सही आहे, जुळते.

रविवारी सकाळपर्यंत शाळेचं टपाल जुन्या यंत्रातून बिनसहीचंच जात होतं. शनिवारी दुपारी बाराला सही नव्हती, संध्याकाळी सहाला नव्हती, आणि मधेच चार वाजून बारा मिनिटांनी एका, फक्त एका मेलवर होती.

"काय झालं पूनम?" स्मिता मॅडमनी विचारलं.

"मी शुक्रवारी काही केलं नव्हतं, ताई," ती म्हणाली. "मला बरोबर आठवत होतं."

५

दुसऱ्या दिवशी अमितनं तिला दुकानात आत घेतलं आणि तिचा चेहरा पाहून दुकानातल्या दोघांना टपरीवर पाठवलं. पूनमनं काउंटरवर पाच कागद ओळीनं मांडले. दुसरा हेमराजच्या नावाचा.

"तारीख वाचा आणि सही पाहा," ती म्हणाली.

त्यानं पाहिलं. शेवटच्या कागदापर्यंत जायला त्याला फार वेळ लागला. "स्मिता मॅडमच्या मेलमधे गडबड असन काही."

"त्यांच्या मेलवर सही नाहीये, भाऊ. नसलेली सही कोणी खोटी कशी करन? तुम्ही तपासलं ते फक्त सही जुळते का. ती जुळणारच. पण नमुन्याची नोंद तुम्ही बुधवारी टाकली. त्याच्या आधी या जगात तो नमुनाच नव्हता. मग शनिवारच्या कागदावर ती सही आली कुठून?"

अमितनं तो कागद उलटा ठेवला.

पूनमचा आवाज चढला नाही. ग्राहकाला बिघाड समजावून सांगावा तशी ती सांगत होती. "मला पहिले अरविंद सर वाटले. चाबीची गोष्ट त्यांनाच ठाऊक. पण त्यांच्यानं हे होत नाही. गुलाबच्यानंही नाही. आमच्या यांची नवी पेटी उघडायची, घड्याळ मागे करून मेल पाठवायचा, म्हणजे सहीच्या आत शनिवारची तारीख जाते. मग तो काढून मागच्या ओळींतल्या वेळा बदलायच्या, त्या ओळी सहीत धरलेल्या नसतात. आणि जुने मेल नव्यात आणले, त्यांच्यात तो सारून द्यायचा. हे येणारी माणसं या दोन गावांत दोनच. त्या बुधवारी मी नदीवर होते, भाऊ. राख सावडून राहिली होती."

बाहेरून एक मालगाडी इटारसीच्या दिशेनं गेली. ती संपेपर्यंत दोघं थांबले.

"एवढंच कळत नव्हतं, की तुम्ही कायले कराल. मग गुलाबचं आठवलं. रविवारी सकाळपासून कॅमेरे बंद होते. शाळेचे कॅमेरे बंद पडले का फोन येतो दुकानाच्या नंबरावर. रविवारी तो मोबाइल तुमच्याकडे असते. आणि गच्चीवरची वायर तुम्ही बुधवारी बदलली. चांगली असती तं कोणी बदलते का?"

अमित खुर्चीत बसला. त्याचे हात काउंटरवर होते, ते त्यानं मांडीवर घेतले.

"मोटरच्या बोर्डातून लाइन घेतली होती कॅमेऱ्याले," तो म्हणाला. "जोडावर नुसती टेप होती. पाइप टाकाचा राह्यला होता. सोमवारी टाकणार होतो." थोडं थांबून म्हणाला, "सरांचा फोन आला, प्रदर्शनाले पाहुणे येऊन राहिले, कॅमेरे चालू करा. म्हटलं, चाळीस किलोमीटर कोण जाते. हेमराजभाऊले लावला. जवळच राह्यते. म्हटलं, नुसतं बटन खालीवर करून पाहा. थो म्हणे, येतो जाऊन, पण पूनमले सांगत नाही. तुम्ही मले काम सांगता याचा तिले राग येते."

पूनमनं ऐकून घेतलं. ते खरं होतं. तिला राग यायचा.

"मंग सर म्हणे, थो ड्यूटीवर होता असं झालं तं वायरची चौकशी होईन. तुम्ही बी जाल, मी बी जाईन. एक मेल तं लागते फक्त." त्यानं वर पाहिलं. "मी वाईट माणूस नाई ना, ताई. तुम्ही तं ओळखता."

"फोनवर शेवटी काय बोलला तो?"

अमितला ते सांगायचं नव्हतं. पण ती उभी राहिली, आणि दुसरं काहीच विचारत नव्हती.

"साडेनऊले गच्चीवरून फोन आला त्याचा. म्हणे, भाऊ थांबा, हात लावून पाहतो. मंग कट झाला." त्यानं डोळे मिटले. "मीनं दोनदा लावला वापस. उचलला नाई. वाटलं, नेटवर्क गेलं असन. नाश्ता कराले बसलो."

साडेनऊला फोन. अकराला गुलाब गच्चीवर गेला. मधल्या दीड तासाचं गणित पूनमच्या डोक्यात आपोआप झालं. तिनं कागद गोळा केले, टोकं जुळवली आणि बॅगेत ठेवले.

"मी येतो ना ठाण्यात," अमित म्हणाला. पण उठला नाही.

६

सौंसर ठाण्यात उपनिरीक्षक मंगला उईके होत्या. त्यांनी पाचही कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पेन खाली ठेवलं. "बाई, मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही. कोर्टात मला समजावून सांगावं लागेल. सोपं करून सांगा."

"जी मोहर रविवारपर्यंत तयारच झाली नव्हती, ती शनिवारच्या कागदावर लागलेली आहे," पूनम म्हणाली. "ते मेल स्मिता मॅडमच्या खात्यात आजही आहेत. डोमेनच्या कंपनीला पत्र लिहा. नोंद कोणत्या दिवशी, कोणाच्या नावानं टाकली, ते त्यांच्याकडे लिहिलेलं असते. ते अमितला पुसता येत नाही."

मंगला बाईंनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं. चाबीसाठी स्मिता मॅडमचा जबाब, वायरसाठी गुलाबचा. शाळेच्या गच्चीवर दोन शिपाई पाठवले. अरविंद सरांना बोलावणं गेलं. मग त्यांनी पूनमकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही पाणी घेता का?"

"नको."

घरी पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. भगवंतराव ओट्यावर होते. पूनम त्यांच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं, मेल, सही, वायर, फोन. सह्यांचं त्यांना कळलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे त्यानं राजीनामा देल्ला नव्हता?"

"नाही, मामाजी."

"थो कामालेच गेलता."

"हो. कामालाच."

म्हातारा उठला. खुंटीवरची टोपी घेतली, घातली, पायात वहाणा सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडला. पूनमला वाटलं, ठाण्यात निघाले. पण ते शेजारच्या दारापाशी थांबले आणि कडी वाजवली. दार उघडल्याचा आवाज आला.

"माह्या पोरानं राजीनामा देल्ला नव्हता," भगवंतराव म्हणाले. "त्याले कामाले बलावलं होतं. सांगून ठेवतो."

कुणीतरी काही विचारलं. ते थांबले नाहीत. पुढच्या दाराची कडी वाजली. तेच वाक्य, तसंच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. मग त्याच्या पुढचं दार.

पूनम ओट्यावर बसून राहिली. गल्लीत एकूण सतरा घरं होती. आवाज हळूहळू लांब जात होता, पण सातव्या घरापर्यंत तिला तो स्पष्ट ऐकू आला, आठव्याला नुसती वाक्याची लय लागली, नवव्याला फक्त कडी. मग कानांवर जोर देऊनही काही येईना. तेव्हा तीही उठली, फाटक उघडं ठेवलं, आणि गल्लीच्या समोरच्या बाजूच्या पहिल्या दाराशी जाऊन उभी राहिली.